सहावा संदर्भ

"आजोबा कशाने गेले?" चिमीने विचारलं आणि आईच्या हातातली टाचण्यांची डबी जमिनीवर सांडली.

"शिडीवरून पडून. किती वेळा सांगायचं?" आई खाली बसून टाचण्या वेचू लागली.

"आमच्या बाईंना नुसतं सांगून चालत नाही. संदर्भ लागतो. कागद, वही, पुस्तक, काहीतरी. कधी पाहिलं त्याची तारीख आणि खातरजमा कुणी केली त्याचं नाव."

"खळीसाठी एवढा कारभार?"

"खळीसाठीच," चिमी म्हणाली आणि तीही टाचण्या वेचायला बसली.

नववीचा प्रकल्प होता, आनुवंशिकतेचा. घरातल्या तीन पिढ्यांचा तक्ता काढायचा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि ज्याच्यात तो गुण असेल त्याचं घर काळं करायचं. गालावरची खळी हा विषय आईनेच सुचवला होता. खळीने कुणाचं वाईट होत नाही.

आजोबा, म्हणजे आईचे वडील, शिडीवरून पडले होते हे खरंच होतं. का पडले, ते तिने कधी सांगितलं नव्हतं. पंचेचाळिशीत त्यांची बोटं ऐकेनाशी झाली, मग अक्षर बिघडलं, मग जीभ जड झाली. शेवटी ते पोटच्या मुलीला ओळखत नव्हते. ती तेव्हा अठराची. डॉक्टर म्हणाले, हा आजार रक्तातून उतरतो. तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तपासून घ्यायचं का? ती नाही म्हणाली आणि घरी येऊन दिवसभर आपल्या हातांकडे बघत बसली.

पुढे कितीतरी वर्षं ती सकाळी उठल्या उठल्या सुईत दोरा ओवून बघायची. एका झटक्यात ओवला गेला की जीव भांड्यात पडायचा. आता ती बेचाळीस वर्षांची होती. चष्मा लागल्यापासून तो नेम सुटला होता. तिच्या शिवणाच्या दुकानात आता दोरा चिमी ओवून द्यायची, काजं मशीनवर व्हायची. आपली चोवीस वर्षं भीतीत गेली, ती गेली. पोरीची जायला नकोत, एवढंच तिला हवं होतं.

वडिलांच्या आजाराचा दवाखान्याचा कागद तिने कपाटातल्या निळ्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकला होता. दोनदा जाळायला काढला, पण खाली वडिलांचा अंगठा होता. हात धजेना.

संध्याकाळी तिने नवऱ्याला गाठलं. "बाईंनी उद्या दवाखान्यात चौकशी करायला सांगितलं तर?"

"शाळेची बाई आहे ती, पोलीस नाही." त्याने तिच्यापुढे चहा ठेवला. हल्ली चहा तोच करायचा आणि तिचा कप अर्धाच भरायचा.

"चिक्कूपणा कर आणखी."

"अर्धा पिऊन झाला की अर्धा देतो."

"चेष्टा नको. मला खरंच भीती वाटते. चिमीला सांगायचं नाही. काहीही झालं तरी."

"नाही सांगणार," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता त्याने किटलीवर झाकण ठेवलं.

पुढचे आठ दिवस तिने पोरीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. कपाटाजवळ गेली की हाक मारायची. रोज एकदा कोटाचं अस्तर चाचपायची. टाके जागच्या जागी होते. शनिवारी चिमी दुकानात येऊन बसली. कोपऱ्यातल्या मापांच्या जुन्या वह्या पुढ्यात घेऊन एकेक पान उलटत होती.

"काय शोधतेस गं?"

"कोरी पानं. कच्चं लिहायला."

"घे की हवी तेवढी," आई म्हणाली. दुपारभर पोर डोळ्यांसमोर होती, कपाटापासून लांब. कितीतरी दिवसांनी आईला हायसं वाटलं.

सोमवारी फाइल द्यायची होती. सकाळी चिमी आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज सुरू झाला तशी आईने तिचं दप्तर उघडलं. आपल्याच पोरीचं दप्तर चोरासारखं उघडायची तिला लाज वाटली, पण बघितल्याशिवाय राहवेना.

तक्ता सुबक होता. आजोबांचा चौकोन कोरा, खळी नाही म्हणून. खाली चार संदर्भ: पाठ्यपुस्तक, वाचनालयातला कोश, घरातले फोटो, आत्याचं पत्र. शिडीचा उल्लेखही नव्हता. आईने सुटकेचा श्वास सोडला आणि फाइल मिटायला गेली. तेव्हा मागच्या कप्प्यातून घडी केलेला कागद खाली पडला.

वर लिहिलं होतं, ‘हा द्यायचा नाही.’ खाली दुसरा तक्ता. यात आजोबांचा चौकोन काळाकुट्ट होता. शेजारी आकडा पाच.

‘संदर्भ पाच. दवाखान्याचा कागद, आईच्या निळ्या कोटाच्या अस्तरात. पाहिला गेल्या मार्चमध्ये. टाके पुन्हा तसेच घातले.’

आईने ती ओळ पुन्हा वाचली. पोरीला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं, आणि तरी ती समोर बसून टाचण्या वेचत होती. सर्वांत खाली चिमीचं स्वतःचं वर्तुळ होतं, त्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. पंधरा वर्षांची पोर ती. आईला रडू आलं. डोळे पुसून तिने मधली ओळ पाहिली, तिची स्वतःची.

तिथलं वर्तुळ कोरं नव्हतं. काठोकाठ काळं केलेलं होतं. शेजारी आकडा सहा.

‘संदर्भ सहा. आईच्या मापांच्या वह्या, चार वर्षांच्या. आकड्यांचं अक्षर कधीपासून बिघडायला लागलं, तारखांसह. खातरजमा: बाबा. आईला सांगायचं नाही.’