गोटीचा उतार

आई वारल्यापासून पाच वर्षांची नात गप्पच होती. आठवडाभर मात्र ती सुतार आजोबांच्या उरल्यासुरल्या फळकुटांचा उतार रचून त्यावरून गोटी सोडत होती. वळणावर गोटी पडली की फळकूट सरकवून पुन्हा सोडायची. काल ती गोटीला म्हणाली, "थांब, बघतेच तुला." आजीनं डोळे पुसले आणि नवऱ्याला बजावलं, "तुमची सुतारकी दुकानात ठेवा. तिचं तिला जमू द्या." पण वाकडं काम दिसलं की आजोबांचे हात शिवशिवायचे. आज ती अंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी रंधा मारला, वळणाला कड ठोकली. "सोड बाळा आता." गोटी न अडखळता तळाशी पोचली. नातीनं ती उचलून आजोबांच्या तळहातावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आजोबा घाईघाईनं खिळे उपटू लागले. "राहू द्या," आजी म्हणाली, "ती बघतसुद्धा नाहीये आता."