चुन्याचं झाड

"पुंडलिकराव, तुमची चुन्याची डबी द्या जरा," शकुंतला म्हणाली, आणि अर्धवट विहिरीच्या काठावर जमलेली माणसं तिच्याकडे वळली.

वामनच्या पोरीनं पुंडलिकरावाकडे काही मागावं, तेही मान वर करून, हे गावात आजवर घडलं नव्हतं. पुंडलिकरावानं डबी तिच्या हातात दिली नाही. तिच्या पायाशी टाकली. तिचा संताप झाला, पण तो गिळून तिनं डबी उचलली. तिला आज भांडण नाही, विहीर जिंकायची होती.

विहीर तिच्या बापाच्याच शेतात होती. तीस हात खोदून झाली होती, पाणी तेवढं लागायचं होतं. ते लागलं असतं तर बौद्ध वस्तीतल्या बायांना पुंडलिकरावाच्या विहिरीवर घागर लांब ठेवून, कोणी ओतेल तेव्हा ओतेल, असं ताटकळावं लागलं नसतं. पण आठ दिवसांपूर्वी सुरुंगानं फुटलेला एक दगड वर आला, आणि त्याच्या सपाट अंगावर काळं झाड उमटलेलं निघालं. खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या. शकुंतलाची आई चंद्रकला हरखून गेली. बोधीचा पिंपळ आहे म्हणाली, पुढे मेणबत्ती लावली, साऱ्या वस्तीला बोलावून दाखवला. तिथंच घात झाला. दुसऱ्या सकाळी पुंडलिकराव हळदकुंकू आणि दोन लाठीवाले घेऊन हजर. हा औदुंबर आहे, दत्ताची जागा आहे, इथं आता कुदळ चालणार नाही. देव त्याला बरा वेळेवर सापडला होता. खाली शंभर पावलांवर त्याची संत्र्याची बाग होती, आणि वामनच्या विहिरीला पाणी लागलं की आपल्या विहिरीचं उतरेल ही धास्ती त्याला पहिल्या दिवसापासून होती.

शकुंतला नागपूरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होती. बापाचं पत्र मिळालं तशी ती सौंसरला उतरून थेट विहिरीवर आली. येताना वर्तमानपत्रात गुंडाळून तावदानाच्या काचेचे दोन तुकडे तेवढे आणले होते.

तिनं एका काचेवर बोटभर चुना ठेवला, दुसरी काच त्यावर दाबली, चुना पसरू दिला. मग दोन्ही काचा ओढून वेगळ्या केल्या आणि वर धरल्या. काचेवर पांढरं झाड उमटलं होतं. खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या. तिनं ते पदरानं पुसलं आणि पुन्हा तेच केलं. पुन्हा झाड आलं, फक्त वेगळं.

"काचा उघडल्या का कडेनं हवा आत घुसते," ती म्हणाली. "जिथं ते केसभर पुढं गेली तिथं तिले वाट सोपी होते, मंग ते आणखी पुढं जाते. मागं राहिली ते मागंच राहते. दगडाच्या भेगेत खनिजाचं पाणी जिरते, तिथंही हेच. जे टोक पुढं निघालं, येणारा कण त्यालेच चिकटते. आतल्या खाचेपर्यंत काही पोचतच नाही. म्हणून असा आकार येते, लहान फांदी मोठीसारखीच. हे ना पिंपळ आहे ना औदुंबर. याले फ्रॅक्टल म्हणतात."

"म्हणजे इंग्रजी देव," पुंडलिकराव म्हणाला, आणि लाठीवाले हसले. "अन् जो पुढं त्यालेच भेटते, हे शिकाले नागपूरले कायले गेली, बाई? मले विचारलं असतं तं इथंच सांगतलं असतं."

हे ती ऐकून घेणारच होती. पण मागून चंद्रकलाचा आवाज आला.

"अन् आमचा पिंपळ? तोही चुनाच?" आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. "आपल्याले एक निशाणी भेटली होती. तेही पुसून टाकली तुनं. कोणाच्या बाजूनं बोलून राहिली तू?"

वस्तीतल्या चार जणांनी शकुंतलाकडे पाठ फिरवली. हातात काचा धरून ती उभी राहिली. इतकं एकटं तिला नागपूरच्या होस्टेलातही वाटलं नव्हतं.

तिनं खाली ठेवलेली डबी पुंडलिकरावानं लाठीवाल्याकडून उचलून, पुसून घेतली. "ऐका. दगड या लोकायचाही नाही अन् आमचाही नाही, असं शिकलेली बाई सांगून राहिली. बरं. पण झाड असो का चुना असो, विहीर इथं होणार नाही." आठ दिवसांत पहिल्यांदा तो खरं बोलला होता.

तेव्हा वामन उठला. सकाळपासून तो काठावर उकिडवा बसला होता. हळदकुंकू आणि मेण यांनी माखलेल्या त्या दगडापाशी जाऊन तो थांबला.

"मँगनीजच्या खदानीत असे दगड टोपल्यानं निघत होते," तो म्हणाला. "आम्ही त्यायच्यावर बसून भाकर खात होतो." मग चंद्रकलाकडे वळून हळू म्हणाला, "तुह्यं मन मोडवलं नाही, म्हणून चूप होतो."

"हात लावू नको, वामन्या," पुंडलिकराव ओरडला.

वामननं दगड छातीशी धरून उचलला. लाठीवाले पुढे येईपर्यंत त्यानं तो विहिरीत लोटून दिला.

खाली दगडावर दगड आपटायला हवा होता. आवाज आला तो डुबुक असा.

लाठीवाल्यांच्या पहाऱ्यामुळं आठ दिवस विहिरीत कोणी उतरलं नव्हतं, वाकून पाहिलंही नव्हतं. "पाणी," कोणीतरी म्हणालं आणि सगळी गर्दी काठाकडे लोटली. सगळ्यांच्या पुढे पुंडलिकराव होता. खाली वाकूनच त्यानं मागे हात पसरला.

"दोर द्या रे इकडं. किती लागलं पाहू."

दोर वामनच्या पायाखाली होता. त्यानं पाय उचलला नाही.