आमेनच्या आधी

मुलाला टाकून बोलणारा बाप मी नव्हे. जे काय सांगायचं ते मी जेवणाआधीच्या प्रार्थनेत, डोळे मिटून, थेट देवालाच सांगायचो. फक्त पोराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "प्रभू, याला लवकर उठायची बुद्धी दे. प्रभू, याला ते गिटार सोडून नोकरी धरायची बुद्धी दे." ताटं गार व्हायची, पण माझं काही आमेन यायचं नाही.

एक दिवस पोरगा घर सोडून गेला. मग कित्येक वर्षं ना फोन, ना निरोप.

काल तो अचानक जेवायला आला, तेव्हा बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आज प्रार्थनेत एक शब्द जरी जास्त बोललात, तर माझ्याशी गाठ आहे!"

मी शहाण्यासारखा टेबलाशी बसलो आणि म्हणालो, "आज प्रार्थना तू कर, बाळा."

त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,



"प्रभू, पप्पांना एकदा तरी डोळे उघडे ठेवून माझ्याशी बोलायची बुद्धी दे. आमेन."