अ‍ॅपच्या पोटात

रक्त तपासणाऱ्या लॅबच्या कॉम्प्युटरवर त्याने नवीन अ‍ॅप टाकलं, आणि स्क्रीन पांढरीफटक पडली. बाहेर काउंटरवर पेशंटचे नातेवाईक रिपोर्टसाठी हमरीतुमरीवर आले होते. सगळं करून थकल्यावर त्याने वेगळी राहायला गेलेल्या बायकोला फोन लावला. पूर्वी दोघं मिळूनच अशी अ‍ॅप्स लिहायची.

“अगं, घरी तर व्यवस्थित चालत होतं!”

“चालणारच. स्क्रिप्टची लायब्ररी, तो सगळा तयार कोड, ते नेटवरून उचलत होतं. तिथे नेट आहे?”

“नाही गं. काय करू? पाया पडतो तुझ्या.”

“लायब्ररीच्या फाइल्स अ‍ॅपच्याच पोटात घाल. पण लागतात तेवढ्याच. सगळंच कोंबलंस तर जड होऊन बंद पडेल.”

त्याने तसं केलं. रिपोर्ट दिसायला लागले, काउंटरवरचा गलका ओसरला. तिने फोन अजून ठेवला नव्हता.

“ऐक ना,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “माझंही झालं गेलं पोटात घाल. घरी ये.”

“अरे, सगळं पोटातच घालत आले,” ती म्हणाली. “म्हणून तर बंद पडले.”