पोकळ आवाज

सुधारलेला चोर म्हणून त्याला संग्रहालयात मान होता. म्हणजे लोक त्याला बसायला खुर्ची देत आणि स्वतःची पर्स कपाटात ठेवत. जुन्या राजाची सोन्याची घंटी संग्रहालयाच्या एका दालनात कुठेतरी दडवलेली होती, आणि ती शोधायला त्यालाच बोलावलं होतं. ती आज सापडली तर त्याला कायमची नोकरी, नाही तर "यानेच ढापली" हे ठरलेलंच.

वाकवलेल्या बोटाने भिंत वाजवायची आणि कान लावायचा, ही त्याची धंद्यातली विद्या. पहिली भिंत पोकळ वाजली, आत बारीक किणकिणही झाली. फोडली, तर भरीव विटा. मग किणकिण समोरच्या भिंतीतून आली. तिथेही विटाच.

"काका, थोडं संग्रहालय शिल्लक ठेवा," प्रमुख बाई म्हणाल्या.

"बाई, माणसांचं सोडा, पण भिंत माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही."

"मग आता उरलं काय?"

काहीच उरलं नव्हतं. चारही भिंतींना भगदाडं पडली होती, फरशी उखडून झाली होती. वैतागून त्याने स्वतःच्याच छातीवर मूठ आपटली.

आवाज पोकळ आला. पाठोपाठ आत किणकिण झाली.

त्याने घाबरत बोट वाकवलं आणि हळूच पुन्हा वाजवून पाहिलं. तेच. पण स्वतःच्या छातीला कान लावणार कसा?

"थांबा, मी लावते," म्हणत बाईंनी कान टेकवला. बराच वेळ ऐकलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

"काका, तुमचं खरं होतं हो," त्या मायेने म्हणाल्या आणि त्यांनी छिन्नी उचलली. "आता अजिबात हलू नका."