काशाची वाटी

लकव्याने गोदूबाईंची वाचा गेली होती. काही हवं असलं की त्या उशाशी ठेवलेली काशाची वाटी चमच्याने वाजवायच्या. त्यांच्या मुलाने, दर्शनने, तोच आवाज रेकॉर्ड केला, त्याला यंत्रावरचे संथ सूर आणि समुद्राची गाज जोडली आणि अख्खा अल्बम केला. आज तो मित्राला, गुरुप्रसादला, पडवीत मोठ्या स्पीकरवर ऐकवत होता.

"आईंना ऐकवलास?"

"तिला काय कळणार त्यातलं? आत्ताच पेज भरवून आलोय, झोपेल आता."

शेवटचा ट्रॅक लागला आणि कुणाचा तरी अभिनंदनाचा फोन आला. दर्शन बोलत बोलत खळ्यात उतरला. तो परतला तेव्हा अल्बम संपला होता आणि गुरुप्रसाद डोळे पुसत होता.

"काय केलंयस रे हे! शेवटी तर ती वाटी आधी जिवाच्या आकांताने वाजते, मग हळूहळू मंद होत थांबते. अंगावर काटा आला माझ्या."



"शेवटच्या ट्रॅकमध्ये मी वाटी घेतलीच नाहीये."