राहतं घर

रंगाचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." असं म्हणता म्हणता धाकटीचंही लग्न होऊन गेलं, भिंतींना पोपडे आले. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं, तेव्हा तिने सांगणंच सोडून दिलं.

त्यामुळे आज त्याने आपणहून रंगाऱ्याला बोलावलं, तेव्हा सूर्य कुठून उगवला, हे तिने खरोखरच खिडकीतून वाकून पाहिलं.

रंगारी भिंतींवर टिचक्या मारत सगळ्या खोल्या हिंडला. "ताई, दिसतो तो रंग, पण खर्च होतो तो त्याच्या खाली. पोपडे खरवडायचे, ओल बंद करायची, पुट्टी भरून घासायची, मग कुठे रंगाचे दोन हात."

"स्वयंपाकघराला फिकट पिवळा द्या हं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात हौस होती.

रंगाऱ्याने आकडा सांगितला आणि तिचा चेहरा पडला. आता नवरा नकोच म्हणणार, असं ती धरून चालली. तो काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "थोडं कमी नाही का होणार, दादा?"

"राहतं घर आहे ना, ताई. सामान हलवा, झाकून ठेवा, एकेक खोली मोकळी करा, त्यातच मजुरी वाढते. रिकामं असतं तर बरंच कमी झालं असतं."



"रिकामंच धरा," नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला, "घर घेणाऱ्यांना रंगवूनच हवंय."